विषय: माल्टा कपल पॅकेज, २०१७ साली पडलेली अझूर विंडो आणि माझा रिफंड

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
मुख्य कार्यालय, पुणे

परवा तुमच्या सिनियर सुपरवायझरने "मॅडम, तुम्ही शांत झालात की बोलू" म्हणून माझा फोन ठेवला, म्हणून आता लेखी. शांत झालेय मी. बुकिंगची फाईल तुमच्याकडे आहे, मे महिन्यातलं माल्टा, कपल पॅकेज, डीलक्सवालं, त्यामुळे त्यात काय काय येतं ते तुम्हाला सांगत बसत नाही, तुम्हीच छापलंय.

फक्त गोझो बेटाचं पान उघडा. "ड्वेयरा येथे जगप्रसिद्ध अझूर विंडोसमोर कपल फोटोशूट, ४५ मिनिटे." शेजारी समुद्रात उभ्या दगडी कमानीचा मोठा फोटो. ती कमान ८ मार्च २०१७ ला वादळात पडली हो. सगळीच्या सगळी, खांबासकट, पाण्यात. त्या दिवशी जगभरच्या बातम्यांत होतं. आणि तुम्ही अजून तिच्यासमोर जोडप्यांना उभं करायचे पैसे घेताय. "तुम्ही आधी सर्च करायला हवं होतं" हे कृपया परत ऐकवू नका, सगळं मीच सर्च करायचं तर तुमचं कमिशन कशाचं?

आम्ही तिथे पोचलो तर सपाट खडक, ऊन आणि ब्लू होल नावाच्या खोल पाण्याच्या खड्ड्यात उतरणारे डायव्हर. ड्रायव्हरला विचारलं विंडो कुठेय, त्याने हात वर न करता खाली पाण्याकडे केला. रबरी सूट घातलेला एकजण जाताजाता म्हणाला की बघायचीच असेल तर सिलिंडर लावून खाली यावं लागेल, आम्ही आत्ता तिकडेच चाललोय. नवरा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मी नाही हसले, कारण कार्ड माझं होतं. आणि तुमचा "प्रोफेशनल फोटोग्राफर" म्हणजे तोच ड्रायव्हर, माझ्याच फोनवर, आणि प्रत्येक फोटोत त्याचं बोट.

आता तो फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच ("क्वालिटी आणि ट्रेनिंगसाठी"), तरी लिहिते, कारण तुम्ही स्वतः ऐकलं असेल असं वाटत नाही.

मी म्हटलं, इटिनररीत जी जागा आहे ती अस्तित्वातच नाही. तर तुमच्या कॉल सेंटरचा मुलगा म्हणाला, "ओके मॅडम, तुम्ही किती वाजता गेला होतात? कधीकधी दुपारी क्लोज असतं." मी म्हटलं, अरे क्लोज नाही, पडलीये ती, समुद्रात. तो म्हणाला, "ओके मॅडम, मग रिपेअरिंगला असेल." मी गप्प. मला खरंच सुचेना की निसर्गाने घडवलेली कमान रिपेअरिंगला कुठे देतात. मग होल्ड, ते सनईचं म्युझिक, आणि मग म्हणे, "मॅडम, चेक केलं, ती नॅचरल आहे आणि नॅचरल गोष्टींची जबाबदारी कंपनी घेत नाही, टर्म्समध्ये फोर्स मेज्यूर आहे." फोर्स मेज्यूर, म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरची आपत्ती. म्हणजे २०१७ च्या वादळाचं फोर्स मेज्यूर मला आत्ता लागू! मग तर शिवाजी महाराजांच्या काळातलं वादळही लावा. मी सुपरवायझर मागितला. तो आला आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, जरा सरांना फोन देता का?"

का? बुकिंग मी केलं, पैसे माझ्या खात्यातून गेले, मेल माझ्या नावाने येतात, आणि कमान पडलीये हे समजवायला सर लागतात? नवरा शेजारीच होता, स्पीकरवर. तो म्हणाला, तिच्याशीच बोला, मला यातलं काही माहीत नाही. तर सुपरवायझर म्हणतो, "सर, तसंही विंडोला एन्ट्री फी नसते, म्हणजे आम्ही तुमच्याकडून तिचे पैसे घेतलेलेच नाहीत, मग रिफंड कशाचा?" आणि वर, "बाकीची कपल्स तर एन्जॉय करून आली सर, कोणी कम्प्लेंट केली नाही." सर म्हणे! बोलत मी होते.

बाकीचंही लिहिते, कारण फोनवर तुम्ही मला तिथपर्यंत पोचूच देत नाही.

मार्साश्लॉक या कोळीगावातला मोठा मासळीबाजार रविवारी भरतो. तुम्ही शनिवारी नेलंत. राजधानी व्हॅलेटाचं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल पर्यटकांना रविवारी बंद असतं. तुम्ही रविवारी नेलंत. नुसती अदलाबदल केली असती तरी दोन्ही झालं असतं, पण ते करायला ती पानं कोणीतरी वाचायला हवीत. माझा नवरा मालवणचा, त्याला त्या बाजाराचीच काय ती उत्सुकता होती. त्याने नाकाडावर डोळे रंगवलेल्या लुत्सू होड्या बघितल्या, त्यांची नावं वाचली, मग टेबलक्लॉथ आणि फ्रिज मॅग्नेटच्या स्टॉलमधून एक फेरी मारली आणि बसमध्ये येऊन बसला. कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोचं १६०८ चं ते मोठं चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं, त्याने सही केलेलं एकुलतं एक. आम्ही दरवाजा बघितला. दरवाजा चांगला आहे. व्हॅलेटाच्या अप्पर बराक्का बागेतली तोफ दुपारी १२ आणि ४ ला उडते, तुमचा स्लॉट सव्वा वाजताचा.

हाल साफ्लिएनीच्या हायपोजियमला "तिकीट जागेवर मिळेल" लिहिलंय. जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वी खोदलेलं दफनस्थान आहे ते, दिवसाला फक्त ८० माणसं आत सोडतात, दर वेळी १०, लोक महिनेमहिने आधी बुक करतात. जागेवर काय मिळणार, कपाळ? कोमिनो बेटावरच्या ब्लू लगूनला, म्हणजे त्या निळ्या पाण्याच्या खाडीला, आता आधी स्लॉट घेऊन क्यूआर कोड लागतो, फुकट मिळतो, फक्त कोणीतरी घ्यायला लागतो. तुमच्या कोऑर्डिनेटरने तो सोमवारी पाठवला. सोमवारी आम्ही जर्मनीत घरी परतून ऑफिसला होतो.

गोझोच्या फेरीबोटीचे तुम्ही "जाता-येता दोन्ही तिकिटं" असे पैसे लावलेत. माल्टाच्या चिरकेव्वा बंदरातून जाताना तिकीट विचारतच नाहीत हो, गोझोहून परत येताना एकदाच घेतात. मग जातानाचं तिकीट कुठंय? हॉटेल "शांत परिसर, सी व्ह्यू" होतं, म्हणजे पाचेविलमध्ये, जिथे सगळ्या माल्टाचे नाइटक्लब आहेत, आणि खिडकीसमोर बांधकामाची क्रेन. पहाटे चारला बेस थांबला की सातला क्रेन सुरू. यावर काही बोलत नाही, क्रेन निदान खरी होती आणि उभी होती, तुमच्या विंडोसारखी नाही.

वाईट याचं वाटतं की जर्मन कंपनी स्वस्त देत होती, तरी तुमच्याकडे आलो, कारण "परदेशात आपली माणसं" लिहिलंय ना तुमच्या जाहिरातीत. आईबाबांची युरोप टूरही तुमच्याकडेच करणार होतो. आता त्यांना पॅरिसला नेऊन आयफेल टॉवर रिपेअरिंगला गेलाय म्हणून सांगाल, नको.

फोटोशूट, फेरीबोटीचं जातानाचं तिकीट, हायपोजियम आणि ब्लू लगून यांचे पूर्ण पैसे परत हवेत, आणि हॉटेलचा फरक. तुमचं बालीचं डिस्काउंट व्हाउचर नकोय. ही सरळसरळ दिशाभूल करणारी जाहिरात आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिची व्यवस्था आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाईन, मामा तिथेच वकील आहे आणि त्याला अशा केसेस आवडतात. विंडोचा फोटो तुमच्या साइटवर अजून आहे, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

उत्तर मेलवर द्या, माझ्या नावाने. फोन करू नका, आणि सरांना तर मुळीच करू नका.