सातच्या पाढ्यात दोघं बसतात कुठे? पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री महोदयांस,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला, गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागर धबधब्याच्या जीप पुन्हा धावू लागल्या, त्याबद्दल आधी अभिनंदन. गेल्या रविवारी मात्र तिकीट-खिडकीवर आम्हा वाटाड्यांना जुनंच वाक्य ऐकू आलं: ‘‘दोघंच? मग थांबा.’’ गेल्या हंगामात शब्द मिळाला होता की जोडप्यांनाही ठरल्या वेळेची जीप मिळेल. तो बहुधा पहिल्याच पुरात मांडवीला मिळाला.

हिशेब पहिलीतल्या पोराला जमेल असा आहे. एका जीपमध्ये पर्यटक सात. तीन जोडपी बसली की सहा, आणि सातवा येईपर्यंत गाडी जागची हलत नाही. एकटा माणूस धबधबा बघायला येतो किती वेळा? सात जोडपी आली तर दोन जीप काठोकाठ भरतात, पण एका जोडप्याची ताटातूट होते. नवरा पुढच्या गाडीत, बायको मागच्या. हे नको असेल तर पूर्ण जीप घ्या, म्हणजे दोघांनी पाच अदृश्य माणसांचं भाडं भरा.

उपाय खर्चिक नाही. बुकिंग घेतानाच तीन-तीन जोडप्यांचा गट करा, सातव्या सीटचे पैसे सहा जणांत वाटून तिकिटावर आधीच छापा आणि गट झाला की वीस मिनिटांत गाडी सोडा. खिडकीवर घासाघीस नको. ताटकळण्याची किंमत पुढे रानात मोजावी लागते. जीपचा जवळपास तासाभराचा रस्ता, मग दगडांतून चाल, आणि खाली थांबायला मोजका वेळ. सकाळ कुळ्यालाच गेली की माणसं शेवाळलेल्या दगडांवरून चपला घालून धावतात. पाय मोडतो तो तिथे, धबधब्यात नव्हे. तळ रबरी असलेले बूट घाला, ही एक ओळ तिकिटावर छापायला कुणाची मंजुरी लागते?

आता लाईफ जॅकेट. ते सक्तीचं आहे, उत्तम आहे. पण ते तपासायचं कसं, हे खिडकीवर कोण सांगतं? पट्टे आवळायचे, मग सोबतच्याने दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढायचं. ते कानांपर्यंत आलं तर पाण्यात माणूस खाली जाईल आणि जॅकेट वर राहील. बकल तुटलं म्हणून सुतळीने बांधलेलं जॅकेट म्हणजे नुसता नारिंगी सदरा. आतला फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर ते बादच करायचं. नवराबायको दोघं असली की ही तपासणी एका मिनिटाची, कारण खांदे ओढायला हक्काचं माणूस जवळच असतं. जोडप्यांचा फायदा तेवढाच.

वाटेतल्या व्हाळांचंही, म्हणजे ओढ्यांचंही, तसंच. पाण्यात शिरण्याआधी खालचा गियर टाकायचा आणि पलीकडे चढेपर्यंत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा नाही. मध्येच उचलला की सायलेन्सरमधून पाणी मागे येतं आणि गाडी बंद पडते. हवेच्या नळीत पाणी गेलेलं असताना पुन्हा चावी फिरवली तर इंजिनच बसतं. घाईवर असलेला चालक नेमकं हेच करतो, आणि घाई का, ते वर लिहिलंच आहे.

शिव्या मात्र आम्हाला. खिडकीवाला खिडकी लावून घेतो, चालक ‘‘वयर विचारा’’ (वर विचारा) म्हणतो, आणि उन्हात जोडप्याचं रागाने लाल झालेलं तोंड बघायला उरतो तो वाटाडा. पैसे परत मागतात ते आमच्याकडे, फोनवर एक तारा देतात तोही आम्हाला. साहेब, तुमच्या खात्याला कधी एक तारा मिळाला आहे का?

‘किनाऱ्यापलीकडचा गोवा’ म्हणून फलक लावायचे आणि किनारा संपला की जबाबदारीही संपवायची, असा हा कारभार. 240 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, त्यात मोल्याचं राष्ट्रीय उद्यान, सगळं पत्रकावर चकचकीत. 2012 साली युनेस्कोने सह्याद्रीतल्या जागांना वारसा म्हटलं, त्या यादीत गोव्याची एकही जागा नाही. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्रक्षेत्र जाहीर करा म्हटलं, तर सरकार धावलं सर्वोच्च न्यायालयात. रान फोटोपुरतं हवं, वाघ नको, वाटाडे तर त्याहून नकोत. जे सरकार वाघाला दारात उभं करत नाही, ते दोन माणसांना सीट देईल अशी आशा धरणारे आम्हीच खुळे.

तरी एक विनंती. येत्या रविवारी सकाळी कुळ्याला या. लवाजमा नको, सरकारी गाडी मोल्याला ठेवा. तुम्ही आणि सौभाग्यवती, दोघंच. रांगेत उभे राहा. खांदे ओढून तपासलेली दोन जॅकेटं आम्ही बाजूला काढून ठेवतो. बाकीच्या पाच माणसांचं तुम्ही बघा.

आपला,
धारबांदोडा तालुक्यातला एक वाटाड्या