रोजचं सोळाशेचं टायमिंग थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिस भरतीची चाहूल लागली की सोलापुरात पार्क चौक, कुमठा नाका, होटगी रोड, विजापूर रोड अशा सगळीकडे पहाटे पाचपासून पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असं हे ग्राउंड. तयारीला महिना होतो न होतो तोच यातली बरीच जण नडगी धरून बसतात. मग ‘शिन पेन’ झालं म्हणून कुणी बूट बदलतं, कुणी स्प्रे मारतं, कुणी हाडवैदाकडून चोळून घेतं. दोष बुटांचा क्वचित असतो. तो असतो वेळापत्रकाचा. अनेक ठिकाणी रोज सकाळी घड्याळ लावून पूर्ण सोळाशे पळवतात, रविवार तेवढा सुटीचा. हे सराव नव्हे, रोजची परीक्षा झाली.

दम तीन-चार आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. नवा भार पडला की हाड आधी आपला जुना, थकलेला भाग शोषून घेतं आणि मग तिथं नवं भरतं. शोषणं भरभर होतं, भरणं सावकाश. त्यामुळे मधले काही आठवडे नडगी आधीपेक्षा थोडी कच्चीच असते. नेमका त्याच वेळी दम वाढलेला असतो आणि पोरगा जोर लावतो.

दुखणं कुठलं ते ओळखायला पाय सैल सोडून बसावं आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्याकडून वर न्यावा. तीन-चार बोटांच्या रुंदीएवढ्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा साधं शिन पेन. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारली की तिथंच सणक जात असेल, रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका धरावी. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पळायला लागू नये. पहिले दोन-तीन आठवडे अशी चीर एक्स-रेत सहसा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. आतल्या कडेची चीर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद ठेवलं की भरून येते. नडगीच्या पुढच्या अंगाला मधोमध किंवा जांघेत खोलवर दुखत असेल, तर मात्र पळणं त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. पुढची चीर फार हट्टी असते. जांघेतलं दुखणं मांडीच्या हाडाच्या मानेतलं निघालं आणि तसंच पळत राहिलं, तर हाड पूर्ण तुटू शकतं.

साधं शिन पेन असेल तर पळणं थांबवून दम टिकवायला सायकल मारावी, पोहावं. तीस मिनिटं भरभर चालूनही दुखलं नाही असे सलग तीन-चार दिवस गेले की मगच सुरुवात करायची: एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. पळण्याची मिनिटं वाढवत वाढवत सलग अर्ध्या तासापर्यंत यायला तीन-चार आठवडे धरावेत. वेगाचं काम त्यानंतर. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर एक पायरी मागे. चिरेच्या दुखण्याला ही सवलत नाही, तिथं शून्य म्हणजे शून्य.

आता सरावाचा हिशेब. सोळाशेला ५ मिनिटं १० सेकंदांचं लक्ष्य धरलं, तर ४०० मीटरचा राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत आणि २०० मीटर एकोणचाळीसच्या आत यायला हवेत. पोरं पहिला राउंड पासष्ट-अडुसष्टमध्ये मारतात आणि चौथा नव्वदवर जातो. रोज सोळाशे पळून ही खोड जात नाही, उलट अंगात मुरते. त्यापेक्षा मंगळवारी २०० मीटर आठ वेळा, प्रत्येक ३८-३९ सेकंदांत, मधे २०० मीटर रमतगमत. शुक्रवारी ४०० मीटर चार वेळा, ७७-७८ सेकंदांत, मधे अडीच मिनिटं विश्रांती. कुणी २०० मीटर ३५ सेकंदांत मारून आला तर त्याला शाबासकी देऊ नका; आपल्याला चाल शिकवायची आहे. आठवड्यातले आणखी तीन दिवस ५ ते ८ किलोमीटर, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या सावकाश. उरलेले दोन दिवस पळायचं नाही. दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर पाव हिस्सा कमी करायचं आणि त्या आठवड्याच्या शेवटी एकदाच पूर्ण सोळाशेचं टायमिंग घ्यायचं. अगदी नवख्यांनी या सगळ्याआधी महिनाभर नुसतं सावकाश पळावं. शिवाय एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम सलग २० ते २५ वेळा होत नसेल, तर पोटरी अजून वेगाच्या कामाला तयार नाही.

१०० मीटरच्या दिवशी हमखास दुखावतो तो मांडीमागचा हॅमस्ट्रिंग. थंड अंगानं थेट स्टार्ट मारला की तो धरतो. आधी दहा मिनिटं हळू पळणं, पाय पुढे-मागे झुलवणं, मग ६०-८० मीटरच्या चार धावा, प्रत्येक आधीपेक्षा थोडी वेगात. धरलाच, तर पहिले काही दिवस तो ताणायचा नाही आणि चोळायचाही नाही. ‘मोकळा करतो’ म्हणून मित्र पाय वर ओढतात तेव्हा फाटलेले तंतू आणखी उसवतात.

सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेखाली काटा टोचल्यासारखं होत असेल, तर औषध घरातच आहे. सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवावा, पायाची बोटं त्यावर येतील आणि टाच बाहेर लोंबती राहील असं उभं राहावं. कठड्याला हात धरून एकाच पायावर तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. असे बारा, तीन वेळा, एक दिवसाआड. टॉवेलमुळे बोटं वर वळतात आणि तळव्याचा पडदा ताणला जाऊन त्यावर भार येतो. टॉवेलशिवाय हा नुसता पोटरीचा व्यायाम होतो. फरक पडायला तीन महिने लागू शकतात, आणि बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात.

एका गोष्टीवर कडक बोलायला हवं. ग्राउंडच्या दिवशी आणि सरावालाही डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेऊन पळण्याची पद्धत पडली आहे. गोळीनं चीर बुजत नाही, फक्त कळत नाही. त्यात आपला उन्हाळा चाळिशी ओलांडणारा. घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. मुलींच्या बाबतीत आणखी एक: सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘सराव जोरात आहे’ असं समजू नये. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि हाडं त्याची किंमत मोजतात. डॉक्टरांकडे जावं. वजन उतरवण्यासाठी भाकरी सोडलेल्या मुलींनी आधी ती परत ताटात घ्यावी, वर शेंगाची चटणी आणि दाटसर वरण.

मैदानं सांभाळणाऱ्यांकडे मागणं थोडकं आहे. उन्हाळ्यात दारं पहाटे पाचला उघडावीत. सावकाश पळण्याचे दोन दिवस उलट दिशेचे ठरवून द्यावेत. कायम डावीकडे वळत राहिलं की दोन पायांवर सारखा भार येत नाही, आणि लहान मैदानात वळण आवळलेलं असल्यानं हे जास्तच जाणवतं. चालायला येणाऱ्यांना बाहेरची पट्टी द्यावी. आज आतल्या पट्टीत गप्पा मारत चालणारे असतात आणि पळणारी पोरं बाहेरून जातात. प्रमाणित ट्रॅकवर पहिल्या पट्टीतला ४०० मीटरचा राउंड आठव्या पट्टीत सुमारे ४५३ मीटर भरतो, म्हणजे एका राउंडला दहा सेकंदांचा खोटा हिशेब. शेवटचं, दर १०० मीटरला खूण हवी. चुना पहिल्या पावसात वाहून जातो, म्हणून दगड रोवून रंगवावेत. मोजताना टेप आतल्या कठड्यापासून ३० सेंटीमीटर बाहेरून धरावी. कठडा नसून नुसती रेघ असेल तर २० सेंटीमीटर.

आपले,
मैदानी प्रशिक्षक व फिजिओथेरपिस्ट,
सोलापूर