मशीन परत पाठवते आहे

ती. आई-बाबांना सा. न.

अल्कलाइन (आम्लाच्या उलट गुणाचं) पाणी करणारं ते मशीन परत न्यायला मी सांगितलं आहे. उद्या सकाळी माणूस येईल, त्याला ते नेऊ द्या. पैसे बाबांच्याच खात्यात जमा होतील. मी ठरवून मोकळी झाले याचं वाईट वाटेल, पण आधी विचारलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि दोन दिवस नीट जेवले नसते.

बाबा, रक्त अल्कलाइन ठेवायचं म्हणून ते पाणी, सोडा, शहाळं आणि आम्लधर्मी-अल्कलाइन पदार्थांचा तक्ता, हे सगळं तुम्ही का सुरू केलंत ते मला ठाऊक आहे. आत्याचं शेवटचं वर्ष आपण सगळ्यांनीच पाहिलं. तुमची शिस्तही मला माहीत आहे; तक्ता भिंतीवर लागला म्हणजे तो पाळला जाणारच. पण रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे याचं माप, 7.35 ते 7.45 एवढाच असतो आणि तो तिथे राखायचं काम फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात. आपण काय जेवतो त्याने तो हलत नाही. तुम्ही रोज पीएचच्या पट्टीचा फोटो पाठवता, ती लघवीची असते. शहाळं, पालेभाजी खाल्ली की तिचा रंग बदलतो, कारण जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. आणि अल्कलाइन पाणी पोटातल्या आम्लात पडलं की त्याचा अल्कलाइनपणा तिथेच संपतो.

मला खरी भीती सोड्याची आहे. एक चमचा खाण्याच्या सोड्यात सुमारे 1,200 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि दिवसभरात सगळं मिळून 2,000 च्या आत हवं. बीपीसाठी तुम्ही पापड-लोणचं सोडलंत, इतक्या वर्षांत एकदाही मोडलं नाहीत, आणि आता तेच सोडियम ग्लासातून घेताय! मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर सोड्याच्या गोळ्या देतात हे खरं, पण रक्त तपासून, मात्रा ठरवून.

शहाळ्याचंही तसंच. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. तुमची बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, पोटॅशियम शरीरात धरून ठेवते, त्यात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. म्हणून शनिवारी सकाळी रक्त घ्यायला घरी माणूस येईल. रिपोर्ट येईपर्यंत शहाळं आणि सोडा दोन्ही बंद. रागावा, पण बंद.

लहानपणी मला ताप आला की तुम्ही मोसंबीच्या एकेका फोडीचं साल काढून, बिया वेचून भरवायचात. ऑफिसला उशीर झाला तरी उठायचा नाहीत. आता तुमच्या खाण्यापिण्यात लक्ष घालायची पाळी माझी आहे, एवढंच समजा.

आई, तुझी जळजळ वेगळी गं. पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतं, त्याचा रक्ताशी संबंध नाही. मालिका संपायची वाट न बघता साडेसातला जेवून घे, लगेच आडवी होऊ नकोस. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवायला गड्याला सांगितलंय. झोपताना डाव्या कुशीवर. आणि पॅन्टोप्राझोल, ती आम्ल कमी करणारी गोळी, उठल्यावर, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, चहा त्यानंतर.

तू डाळ सोडलीस हे मला मावशीकडून कळलं. तक्त्यात डाळ आम्लधर्मी म्हणून लिहिलीये, म्हणून? तुझ्या हातापायांत आधीच ताकद नाही. वरण-भात, वाटीभर दही, मुगाचं धिरडं परत सुरू कर. तळण कमी झालं, दुधी-दोडका ताटात आला, कोशिंबीर रोज होते, हे फार छान केलंत. ते अजिबात सोडू नका. बाबांची फळं कोणती आणि किती, ते रिपोर्ट बघून डॉक्टरांनाच विचारू. मी रविवारी येतेच आहे, सोमवारी तिघं मिळून जाऊ.

येताना काही आणू का, ते आईने कळवावं. बाबांनी जुन्या रिपोर्टांची फाईल काढून ठेवावी, निळी.

तुमची,
मनू