फीडरवर नाही, वीतभर मागे

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

जूनमध्ये तुम्ही इथे याल तेव्हा आम्ही दिवसभर ऑफिसात असणार, म्हणून मागच्या अंगणात येणाऱ्या चिमुकल्या हमिंगबर्ड पक्ष्यांच्या खाण्याचं आणि फोटोंचं सगळं आत्ताच लिहून ठेवते. बाबा, ७०-३०० ची लेन्स आठवणीने आणा. ट्रायपॉड इथे आहे.

आई, फीडरचं, म्हणजे त्यांच्या टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्याचं, खातं तुझ्याकडे. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. साखर विरघळली की झालं, पाक करायचा नाही. गूळ आणि ब्राउन शुगर नको, त्यातलं लोह त्यांना बाधतं. मधाचं पाणी लवकर आंबतं, त्याला बुरशी येते. लाल रंगही घालू नकोस. फीडरचं झाकण लाल आहे तेवढं पुरतं. एका वेळी अर्धी वाटीच भर, उरलेलं फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. फीडरमधलं मात्र दर दोन दिवसांनी बदलायचं, गढूळ दिसलं तर लगेच. भोकांच्या कडेला काळं साचतं, ते गरम पाण्याने आणि बारीक ब्रशने घासून काढायचं. वरच्या हुकाला मुंग्यांसाठी पाण्याची वाटी आहे, ती कोरडी पडली की मुंग्यांची रांग लागलीच म्हणून समज. तिथे तेल किंवा व्हॅसलीन लावू नकोस. पिसांना लागलं तर निघत नाही.

आता बाबा. आपल्याकडचा शिंजीर पक्षी बहुतेक वेळा फांदीला धरून मध पितो, म्हणून फुलावर फोकस केला की काम होतं. तीच सवय इथे नडते. फीडरवर नेम धरला की फोटोत अर्धं प्लॅस्टिक येतं आणि चोच भोकात गेलेली असते. हा पक्षी दोन-तीन सेकंद पितो, वीतभर मागे सरकतो, हवेत जागच्या जागी थांबतो आणि परत चोच घालतो. फोटो त्या मागे सरकण्याचा.

फीडरची बसायची दांडी काढा, म्हणजे तो बसणार नाही. एक भोक सोडून बाकीच्यांवर टेप लावा. उघडं भोक कॅमेऱ्याच्या काटकोनात ठेवा, म्हणजे पक्षी आडवा दिसेल. तीन मीटरवरून लेन्स ३०० ला असताना पुढे-मागे जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा पट्टा फोकसमध्ये येतो आणि पक्षी दहा सेंटिमीटरचा. समोरून घेतलात तर डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर. आईला भोकापासून वीतभर अंतरावर पेन्सिल धरायला सांगा, पेन्सिलीवर फोकस करा आणि मग फोकस मॅन्युअलवर टाका. मागचं कुंपण निदान तीन मीटर लांब हवं, नाहीतर फळ्यांच्या रेघा येतात.

शटर १/३२०० सेकंद, ॲपर्चर ६.३, आयएसओ ऑटो. पंख सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा हलतात, त्यामुळे टोकं थोडी पुसट येणारच. मला तरी ती तशीच आवडतात. पंख अगदी गोठलेला पक्षी भुसा भरून ठेवल्यासारखा दिसतो. सायलेंट मोड मात्र बंद ठेवा. त्यातला इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात पंख हललेला असतो आणि फोटोत केळीच्या पानासारखा वाकडा येतो.

नराचा गळा आणि डोकं झगझगीत गुलाबी असतं, पण तो रंग प्रकाशाच्या खेळाचा. ऊन तुमच्या पाठीशी असलं आणि त्याने तुमच्याकडे मान वळवली तरच पेटतो, नाहीतर काळा दिसतो. पेटला की फोटोत तेवढाच भाग जळतो, म्हणजे फार उजळ होऊन बारकावे जातात, म्हणून एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी, म्हणजे फोटो जरा गडद ठेवा. सकाळी सहा ते आठ उत्तम. (नाव ‘ॲनाज’ हमिंगबर्ड. आपल्या अण्णांशी संबंध नाही. ॲना ही फ्रान्समधली एक डचेस.)

एखादा नर लिंबाच्या शेंड्यावर बसून बाकी सगळ्यांना हाकलेल. तसं झालं तर दुसरा फीडर घराच्या कोपऱ्यापलीकडे, त्याला दिसणार नाही असा टांगा. कपाटात एक आहे. आणि फोटो काढून झाले की टेप काढून दांडी परत लावा. पिताना त्यांनाही टेकायला आवडतं.

तुमची लेक