हवा जाणार हे धरूनच बांध

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

तू कागदावर काढलेलं चित्र आणि गाडीखालून घेतलेले फोटो पाहिले. मोठे करकरून पाहिले. जुन्या गोल्फ जीटीआयच्या मागच्या स्प्रिंगा काढून तिथे हवेचे बेलो, म्हणजे हवा भरून भार पेलणाऱ्या रबरी पिशव्या, बसवायचे आणि ब्रॅकेट स्वतःच्या हातांनी करायची, हा बेत मला मनापासून आवडला. आईचं म्हणणं, मी तुला अडवावं. मी अडवणार नाही. मात्र एक गोष्ट आधी सांगतो, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. बेलोतली हवा कधी ना कधी जाणारच. ती जाईल तेव्हा तू तिकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बाहेर मोटरवेवर असशील, पाऊस असेल आणि शेजारच्या लेनमध्ये ट्रक असेल, असं समजून प्रत्येक तुकडा बनव.

माझी सगळी नोकरी बसच्या कार्यशाळेत झाली, त्यामुळे हवेच्या सस्पेन्शनच्या गाड्या मी खालून जास्त पाहिल्या आहेत. सकाळी रांगेत एखादी बस एका अंगावर झुकलेली दिसली की रात्रीत कुठला बेलो बसला ते लांबूनच कळायचं. तरी ती बस वर्कशॉपपर्यंत स्वतःच्या चाकांवर यायची, कारण बेलोच्या आत रबराचा भक्कम ठोकळा असतो. हवा गेली की चेसिस त्या ठोकळ्यावर टेकते. तुझ्या चित्रात तो ठोकळा नाही. तुझ्या गाडीचा मूळ बंप स्टॉप, म्हणजे दणका अडवणारा रबरी तुकडा, डँपरच्या (शॉक अब्सॉर्बरच्या) दांड्यावर आहे, त्याच्याच भरवशावर तू सगळं सोडलेलं दिसतंय. तो खड्ड्यातला क्षणभराचा दणका झेलण्यासाठी आहे, सत्तर मैल गाडीचा भार वाहण्यासाठी नाही. आत ठोकळा असलेले बेलो मिळतात, तेच घे. थोडे महाग पडतील, पडू देत.

मागच्याच बाजूला हवा ही कल्पना काही नवी नाही. फ्रान्सच्या सित्रोएनने 1954 साली आपल्या सहा सिलिंडरच्या ट्रॅक्शन आव्हां या गाडीला आधी फक्त मागेच वायू आणि तेलाचं सस्पेन्शन दिलं, आणि 1955 मध्ये डीएस ही गाडी आली तेव्हा ते चारही चाकांना आलं. मागे आधी का, याचं कारण साधं आहे. वजन बदलतं ते मागे. मागची सीट आणि डिकी कधी रिकामी असते, कधी भरलेली. तुझंही तेच. ट्रॅकवर जाताना डिकीत चार जादा चाकं आणि हत्यारांची पेटी टाकतेस, मग मागचा भाग बसतो आणि पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. या कामाला हवा अगदी योग्य. नुसती गाडी खाली दिसावी म्हणून करत असतीस, तर मी इतकं लांबलचक पत्र लिहिलं नसतं.

उलट उदाहरणही लक्षात ठेव. कॅडिलॅकने 1957 च्या एल्डोराडो ब्रोअममध्ये चारही चाकांना हवा दिली. त्या काळातली ती अत्यंत महागडी गाडी, तरी गळतीच्या त्रासाने कंटाळून कित्येक मालकांनी पुढे साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. कंपनीचे इंजिनिअर होते, पैसा होता, आणि हरले ते सांधे आणि व्हॉल्व्हपाशी.

आता हिशेब. तुझ्या गाडीत एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे. गोल्फची पाचवी पिढी आली तेव्हा पहिल्यांदा तिला मागे मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाक अनेक वेगळ्या आर्मनी (दांड्यांनी) धरणारं सस्पेन्शन मिळालं, आणि त्यात स्प्रिंग वेगळी, डँपर वेगळा. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, डँपर थेट चाकाच्या नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या तुकड्याला. म्हणून डँपरला हात न लावता स्प्रिंगच्या जागी बेलो जाऊ शकतो. पण स्प्रिंग चाकापाशी नाही, आर्मच्या मध्ये कुठेतरी आहे, त्यामुळे तिच्यावर चाकाच्या भारापेक्षा जास्त भार येतो. समज, एका मागच्या चाकावर 270 किलो येतात. त्यातले चाक, ब्रेक, आर्म यांचे 35 वजा केले, राहिले 235. आर्मच्या आतल्या बुशपासून (गाडीकडच्या रबरी सांध्यापासून) स्प्रिंगपर्यंतचं अंतर भागिले बुशपासून चाकापर्यंतचं अंतर, हे समज 0.65 आलं. मग बेलोवर 235 भागिले 0.65, म्हणजे साधारण 360 किलो. बेलोचा प्रत्यक्ष काम करणारा व्यास साडेबारा सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ 123 चौरस सेंटिमीटर, आणि दाब चौरस सेंटिमीटरला 2.9 किलो, म्हणजे 42 पीएसआय (चौरस इंचाला पौंड). हा आकडा चांगला आहे. बेलोच्या मर्यादेपासून खूप खाली, आणि वर चढायला जागा. डिकीत 80 किलो टाकलेस की तीच उंची राखायला 49 पीएसआय लागतील.

कडकपणाचंही गणित करून पाहिलं. हवेचा स्तंभ 12 सेंटिमीटर धरला, दाब वातावरणासकट 3.9 घेतला आणि खड्ड्यातली हालचाल झटपट असते म्हणून घातांक 1.3, तर बेलो सेंटिमीटरला सुमारे 52 किलो कडक निघतो. चाकापाशी हा आकडा 0.65 च्या वर्गाने कमी होतो, म्हणजे 22. त्यावरून गाडीची वर-खाली होण्याची लय सेकंदाला दीड फेऱ्यांच्या आसपास येते. जोरात चालवायच्या गाडीला हे शोभतं. पण तोच बेलो तू आणखी खाली बसवलास, हवेचा स्तंभ 7 सेंटिमीटर राहिला, तर भार तेवढाच असूनही तो जवळजवळ पावणेदोन पट कडक होईल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मागचं टोक असं एकदम कडक झालं, की वळणात अॅक्सिलरेटर सोडताच मागचं बाजूला सुटतं. म्हणून चालवायची उंची एकच ठरव. बेलोच्या कागदावर कंपनीने जी मधली उंची दिली असेल ती धर आणि ब्रॅकेटची जाडी त्यावरून काढ. उलट दिशेने, म्हणजे हाताशी असलेल्या ब्रॅकेटवरून उंची काढत बसू नकोस.

हे सगळे आकडे मी पुण्यात बसून धरलेले आहेत. खरे तू मोज.

चित्रातली जी गोष्ट मला मुळीच पटली नाही ती म्हणजे दोन्ही बेलोंना एकच नळी आणि मध्ये टी आकाराचा जोड. वळणात बाहेरच्या बेलोवर भार येईल, त्यातली हवा टीमधून आतल्या बेलोत जाईल, बाहेरची बाजू बसेल आणि आतली उठेल. गाडी जिकडे कलते आहे तिकडे तू तिला स्वतःच ढकलशील. शिवाय एक नळी फुटली तर दोन्ही बाजू एकदम जातील. डावी-उजवी नळी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळे, आणि त्यांच्यात कुठेही जोड नको.

आणि कंप्रेसर, टाकी, प्रेशर स्विच, डॅशबोर्डवरची बटणं, हे पहिल्या वर्षी काहीच बसवू नकोस. वाईट वाटेल, पण ऐक. प्रत्येक बेलोपासून नळी काढून डिकीत आण आणि टोकाला टायरच्या ट्यूबला असतो तसा साधा व्हॉल्व्ह लाव. हवा भरायला पायाचा पंप किंवा पेट्रोल पंपावरचं मशीन, आणि एक चांगला गेज. सांधे मोजके, वायरिंग शून्य, पाणी येण्याचा प्रश्न कमी. कंप्रेसर आला की वीसेक अँपिअरचा भार, रिले, फ्यूज, टाकीत साचणारं पाणी, आणि ते पाणी तिकडच्या थंडीत व्हॉल्व्हमध्ये गोठणं, ही सगळी साखळी मागोमाग येते. आधी नुसती हवा धरून ठेवायला शीक. ती वर्षभर धरली तर पुढचं ठरवू.

तिथल्या थंडीचा हिशेबही करून ठेवला आहे. वीस अंशाला भरलेला बेलो शून्य अंशाला सुमारे सात टक्के आकसतो, कारण भार तोच म्हणून दाब तोच राहतो, बदलते ती उंची. 12 सेंटिमीटरच्या स्तंभात हे आठ मिलिमीटर, आणि चाकापाशी सव्वा सेंटिमीटर. म्हणजे थंडीत सकाळी गाडी बसलेली दिसली तर लगेच गळती समजू नकोस. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असतील तर थंडी, एकच बसली असेल तर गळती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप रोज दोन्हीकडे लिहून ठेव, चारचौघांत विचित्र वाटलं तरी.

नळी कापायला कात्री किंवा ब्लेड वापरू नकोस, नळीचा कटर घे. पुश फिटिंगची (नळी नुसती आत ढकलून बसवायच्या जोडाची) बरीचशी गळती तिरप्या कापामुळे असते. थ्रेडवर टेप लावलास तर पहिला आटा मोकळा सोड, नाहीतर टेपचा तुकडा व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. नळी सायलेन्सरपासून हातभर लांब ने, जिथे पत्र्यातून जाईल तिथे ग्रोमेट घाल. सगळं झालं की साबणाचं पाणी, आणि तेही गाडी चाकांवर उभी असताना, कारण भार नसलेला सांधा खरं बोलत नाही.

ब्रॅकेटबद्दल. खालचा आर्म दाबून वाकवलेल्या पत्र्याचा आहे. त्यावर वेल्डिंग करायचं नाही, कितीही चांगला वेल्डर मित्र असला तरी. वेल्डच्या कडेचा पत्रा उष्णतेने बदलतो, आणि तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गंज आणि ताण एकाच रेषेत आले की तडा तिथूनच जातो. स्प्रिंग जिथे बसते त्या खोलगट जागेत नेमकी बसणारी 6 मिलिमीटरची प्लेट कर, तिला खालून बोल्ट, नायलॉक नट आणि मोठे वॉशर. बेलो पूर्ण फुगल्यावर चारही बाजूंनी बोटभर मोकळा राहायला हवा. रबर पत्र्याला घासलं तर ते टिकत नाही. आर्म कमानीत फिरतो, म्हणून बेलोच्या वरच्या आणि खालच्या प्लेट चालवायच्या उंचीला समांतर असू देत, लटकलेल्या स्थितीत नव्हे. आणि भार नसताना, गाडी जॅकवर असताना, बेलो कधीही फुगवू नकोस. तो बाहेर ताणला जाऊन कडेतून सुटू शकतो.

दोन्ही बेलो पूर्ण रिकामे करून गाडी ठोकळ्यांवर टेकव आणि मग खाली बघ: टायर मडगार्डला लागतो का, आर्म सबफ्रेमला टेकतो का, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर कुठे चिमटीत सापडते का. नंतर फक्त डावा रिकामा, मग फक्त उजवा. अशा एकांगी गाडीने रिकाम्या पार्किंगमध्ये हळू फेऱ्या मार, ब्रेक दाबून बघ. हे मनासारखं झाल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. त्यानंतर ठरलेल्या उंचीवर टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, जुळवून घे. दिवे झेनॉनचे असतील तर मागच्या आर्मजवळचा उंचीचा सेन्सर मोकळा हलतो ना, तेही बघ.

गाडीखाली जाताना लोखंडी घोड्या (स्टँड) लाव. दोन्ही बाजूंना, बॉडीच्या मजबूत जागेखाली, आणि जॅकही लावलेला राहू दे. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, एक नट पडला असला तरी नाही. कार्यशाळेत या एका बाबतीत आम्ही कुणाचंही ऐकून घेत नसू, साहेबाचंही नाही.

विमा कंपनीला आधी कळव, नंतर नव्हे. बदल लपवलेला निघाला तर अपघाताच्या वेळी ते हात वर करू शकतात, आणि समोरच्याचं नुकसान झालं असेल तर तेही तुझ्या डोक्यावर येऊ शकतं. प्रीमियम वाढला तर वाढला, निम्मा मी देतो. दरवर्षीच्या एमओटीत, म्हणजे तिथल्या गाडीच्या सक्तीच्या तपासणीत, सस्पेन्शन बघतातच. कुठे सैल असलं किंवा हवेची गळती ऐकू आली तर गाडी नापास होते, म्हणून ब्रॅकेटचे फोटो आणि मापं एका फाईलमध्ये ठेव. तपासणाऱ्याला ती दाखवायची वेळ आली तर तुझं काम विचार करून केलेलं आहे हे त्याला दिसेल.

ट्रॅकवर पोचल्यावर काय, हे तू विचारलं होतंस. माझं मत असं की शर्यतीसारखं चालवायचं असेल त्या मोसमात मूळ स्प्रिंगा परत घाल. ब्रॅकेट बोल्टवर असली की सवयीच्या हाताला अर्ध्या दिवसाचं काम. मूळचे डँपर मूळच्या स्प्रिंगशी जुळवलेले आहेत, हवेशी नाहीत, आणि शंभर मैलांच्या वेगाला ते कळतं. म्हणून जुन्या स्प्रिंगा विकू नकोस. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेव.

आता माझं काम. ट्रकवाले वापरतात तशा सार्वजनिक वजनकाट्यावर जा, फक्त मागची चाकं काट्यावर घे, एकदा डिकी रिकामी आणि एकदा भरलेली, आणि पेट्रोलची टाकी दोन्ही वेळा सारखी असू दे. दोन्ही पावत्यांचे फोटो, आर्मची दोन मापं आणि तू निवडलेल्या बेलोचा उंची आणि भाराचा तक्ता मला पाठव. मी वही काढून ठेवली आहे. आकडे आले की प्लेटचं ड्रॉइंग करून देतो, भोकांच्या मापांसकट. तोवर लोखंड कापायला देऊ नकोस.

आईने डिंकाच्या लाडवांचं पार्सल केलं आहे, पुढच्या आठवड्यात निघेल.

तुझे,
बाबा