नाना, तुमचा पंचा अजून आमच्या खोक्यात आहे

आदरणीय नाना,

गेल्या रविवारी आमच्या वाइन मंडळाची बैठक होती. नुकतीच नोकरीला लागलेली एक नवी मुलगी खोक्यातले ग्लास काढत होती. एक ग्लास तिनं नाकाशी नेला आणि म्हणाली, "ताई, ह्याला कपाटाचा वास येतोय." मग कोणी न सांगता पाणी तापत ठेवलं आणि सगळेच्या सगळे ग्लास धुवायला घेतले. तिची-तुमची भेट कधी झालेली नाही. मला मात्र तिथे उभं राहवेना. घरी आले ती हे पत्र लिहायलाच बसले. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घ्या" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते.

2022 चा तो मार्च आठवतो का? जानेवारीच्या शेवटी सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारनं जाहीर केला होता आणि घराघरात वाद पेटले होते. आम्ही अकरा जण तेव्हा कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचो. द्राक्षांच्या जिल्ह्यात जन्म गेला, पण बाटलीवर लिहिलेलं शेनिन ब्लां म्हणजे काय, ते कोणत्या शिवारात पिकतं, खायच्या थॉमसन द्राक्षापेक्षा वेगळं कशात, हे आम्हाला सांगता येत नव्हतं. ते शिकायचं होतं, दुसरं काही नाही. पहिली मोठी बैठक ठरवली, हॉल घेतला, आगाऊ पैसे भरले. दोन दिवस आधी फोन आला, "असले कार्यक्रम आमच्याकडे होत नाहीत." त्याच हॉलच्या पार्किंगमध्ये लग्नाच्या रात्री गाड्यांच्या डिक्या उघडून काय चालतं, ते आम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. व्यासपीठावरून नाशिकच्या वाइनचा अभिमान सांगणारे एक गृहस्थ "जागेचं माझ्याकडे लागलं" म्हणाले होते, त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. आणि एकानं मला सरळ विचारलं, "तुमच्या घरच्यांना चालतं का हे?" ते अजून टोचतं.

तुमचा नंबर मला एका मैत्रिणीनं दिला होता. तुम्ही दिंडोरीकडचे बागाईतदार, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकवणारे. एवढं कळल्यावर फोन लावायलाच माझा हात धजेना. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सरकारी कागद केलेत ना? मग या. माल भरायचं आवरलंय, शेड मोकळी आहे."

जागा दिलीत, त्याचे आभार आहेतच. पण मला लिहायचंय ते त्या चोवीस ग्लासांबद्दल.

ते मी एका नातेवाइकांकडून मागून आणले होते, पेपरात गुंडाळून. शेडमध्ये कॅरेट उलटे मांडून त्यावर फळ्या टाकल्या होत्या. मी ग्लास मांडत होते. तुम्ही एक उचललात, नाकाशी धरलात, परत धरलात. "ह्याला कपाटाचा वास येतोय. डांबरगोळ्यांचा. ह्याच्यात द्राक्ष कसं कळायचं?" मग माईंनी बंबातलं कढत पाणी आणलं. साबण लावू दिला नाहीत, त्याचाही वास राहतो म्हणालात. धुऊन उपडे घातले आणि घरातला जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा घेऊन तुम्ही एकेक ग्लास पुसायला बसलात. पुसायचा, ट्यूबलाइटकडे धरायचा, हुंगायचा, मग खाली ठेवायचा. वाकलात की माळ काचेला लागायची, ती तुम्ही डाव्या हातानं मागे सारायचात. चोवीस वेळा. मी म्हटलं, "नाना, राहू द्या, आम्ही करतो." तुम्ही मानही वर न करता म्हणालात, "मी घेत नाही. पण ह्यात माझ्या बागेतला माल असंल. त्याची नीट पारख व्हायला पाहिजे."

तुम्ही हे म्हणालात तेव्हा 2008-09 नंतरचं तुमचं काय झालं ते मला माहीत नव्हतं. मंदी आली, वायनऱ्या अडचणीत आल्या, आणि ज्यांच्या भरवशावर लोकांनी वाइनची द्राक्षं लावली होती त्यांनी माल उचलला नाही. ते बारीक मण्यांचं, जाड सालीचं, बियांचं द्राक्ष बाजारात खायला कोण घेणार? तुम्ही एक एकर शिराझ मुळासकट काढलंत. माईंनी हे फार नंतर सांगितलं. ज्या धंद्यानं तुम्हाला असं उघड्यावर टाकलं, त्याच धंद्याचे ग्लास तुम्ही पुसत होतात, आणि कपाळावर आठी नव्हती.

त्या दिवशी पहिली बाटली उघडली तेव्हा सगळे गप्प होते. चुकीचं बोलू, हसतील, ही धास्ती. सोव्हिन्यॉं ब्लांचा ग्लास तुम्ही नुसता हुंगलात आणि म्हणालात, "अर्धा कच्चा पेरू." आणि शेडमध्ये एकदम तोंडं उघडली! कोणी हिरवी मिरची म्हणालं, कोणी नुकतं कापलेलं गवत. शिराझला काळी मिरी आणि जांभूळ. आमच्या वहीत आजही हेच शब्द आहेत. इंग्रजी वाइन-पुस्तकांत सापडणाऱ्या, पण आम्ही कधी न खाल्लेल्या गूजबेरीचं नाव त्यात नाही. पुढे एकदा महागाची बाटली उघडली, सगळे "वा वा" करत होते, आणि तुम्ही ग्लास बाजूला सारलात. "ओलं गोणपाट." बरोबर होतं ते. कॉर्कमधल्या बुरशीनं बाटली बिघडली होती. थेंबही न घेणाऱ्या माणसानं आम्हा पिणाऱ्यांना ते दाखवलं.

बागेतही तुम्हीच फिरवलंत. युरोपात वेल वर्षातून एकदा छाटतात, आपल्याकडे दोनदा. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. म्हणून तिकडची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि आपली जानेवारी ते मार्च. मणी चुरडून गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकलात, प्रत्येकाला बावीस ब्रिक्सची, म्हणजे साखरेच्या मापाची, रेघ बघायला लावलीत. रात्रीच्या गारव्यात तोडणी का करतात ते कळावं म्हणून पहाटे चारला बोलावलंत. आम्ही सतरा जण आलो होतो. येताना स्वेटरात कुडकुडलो, जाताना माईंची बाजरीची भाकरी खाऊन गेलो.

आता आम्ही साठच्या वर आहोत. त्यात रिक्षावाले दादा आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, अजिबात न पिणारे पाच जण आहेत, ते फक्त हुंगायला येतात. पाच जणांना वाटतं आपल्यालाही इथे जागा आहे, ते तुमच्यामुळे. मंडळ कसं वाढवलंत, असं लोक विचारतात. मी ग्लासांची गोष्ट सांगते. काहींना ती उत्तरासारखी वाटत नाही. पण ज्याला काही घ्यायचं नाही, काही मिळवायचं नाही, त्यानं दुसऱ्याच्या आवडीची एवढी बूज राखावी, हे मी मोठमोठ्या पदांवरच्या लोकांत पाहिलं नाही. माणसं न पटलेल्या गोष्टीला विरोध करतात, नाहीतर दुर्लक्ष करतात. तुम्ही पंचा घेऊन बसलात.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्ही दोन महिने आला नाहीत. घाई करू नका, जिना चढू नका. तुमची खुर्ची दाराजवळच ठेवतो, वारा येतो तिथे. ऑक्टोबरच्या छाटणीला मजूर कमी पडले तर आम्ही दहा-बारा जण यायला तयार आहोत. कात्री कशी धरायची ते आम्हाला येत नाही, तेवढं शिकवा.

आणि तो पंचा. त्या दिवशी ग्लासांबरोबर चुकून आमच्या खोक्यात आला. परवा त्या मुलीनं त्यानंच ग्लास पुसले. माईंना सांगा, तो आता आम्ही परत देणार नाही.

तुमची,
मंडळातली ताई