मेट्रो राहू दे, आधी रात्रीची बस द्या

मा. संपादक,

हल्ली ट्रॅफिकचा विषय निघाला, मग तो पर्वरीत अडकलेला माणूस असो नाहीतर मेरशी जंक्शनवर, शेवटी सगळे एकच बोलतात, गोव्यात मेट्रो यायला पाहिजे. मी फोंड्याहून पणजीला बसने कामाला जाते, आणि मला हे ऐकून खरंच राग येतो.

मुंबईत आरे ते कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर भुयारी मेट्रो झाली, 37 हजार कोटींच्या वर खर्च. भाचीबरोबर मी तिच्यातून फिरले, चांगली आहे, थंडगार, भरभर नेते. पण एवढा पैसा घालूनसुद्धा 26 मे 2025 च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसलं, तो टप्पा सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते फक्त. आणि जिने चढून बाहेर आलं की घरापर्यंत पुन्हा बस नाहीतर शेअर रिक्षा शोधावीच लागते. आपल्याकडे पण मडगावला स्कायबस, म्हणजे वरच्या रुळाला लटकून धावणारी गाडी, आणली होती ना, 2004 मध्ये चाचणीतच अपघात होऊन एक जीव गेला आणि नंतर सगळं मोडीत काढलं.

आता आमची बस बघा. सकाळी फोंडा स्टँडवर खाजगी बस भरेपर्यंत हलत नाही, मग फर्मागुडी, म्हार्दोळ, कुंडई असं रेंगाळत जाते, कंडक्टर दारात लोंबकळत "पणजी पणजी" ओरडतो, आणि मागची बस आरशात दिसली की ड्रायव्हर असा काय सुटतो की उभ्या माणसांना दांडा धरायला वेळ मिळत नाही. बाणस्तारीला म्हातारी माणसं उतरताना तर माझा जीव वर येतो, पाय जमिनीला लागायच्या आधीच शिट्टी. मी ड्रायव्हर-कंडक्टरला एकट्याला दोष देणार नाही, त्यांना संध्याकाळी मालकाला कलेक्शन द्यायचं असतं, जास्त माणसं तर जास्त पैसे, मग ते दुसरं काय करणार? पगार ठरलेला आणि टाइम ठरलेला असेल तर ही रेस आपोआप बंद होईल. कदंब या सरकारी महामंडळाच्या शटलला खिडकीवर तिकीट, सगळे बसून, मध्ये थांबा नाही, म्हणजे गोव्यात जमत नाही असं नाही.

पण खरा त्रास रात्रीचा. आठ-साडेआठ वाजले की बस कमी होतात. दुकानात, हॉटेलात, बांबोळीला हॉस्पिटलात शिफ्ट करणाऱ्या मुलींनी जायचं कसं? कोणाचा भाऊ न्यायला येतो, कोणी पायलट म्हणजे भाड्याची मोटरसायकल करते, आणि पहिला पगार हातात आला की कर्ज काढून स्कूटर घेते, आणि मग आपणच म्हणतो रस्त्यावर गाड्या वाढल्या. फोंड्याला पोचलं तरी पुढे सावईवेरे, बोरी, शिरोडा इथे जाणाऱ्यांचं काय, त्यांची बस तर त्याआधीच गेलेली असते.

वाहतूक खात्याने निदान पणजीहून फोंडा, म्हापसा, वास्को, मडगाव या चार रूटवर साडेदहापर्यंत दर अर्ध्या तासाने बस सोडावी, प्रवासी चार असले तरी सोडावी, आणि फोंडा-म्हापशाला गावची बस ती येईपर्यंत थांबवून ठेवावी. टाइमटेबल प्रत्येक थांब्यावर मोठ्या अक्षरात लावा, सुरुवात येत्या पावसाळ्याआधी करा.

– एक रोजची प्रवासी, फोंडा